सायकल ‘येणे’ आणि चढ ‘जमणे’ : खडबडीत वाटेवरील सायकलविद्येचा विचार

‘मला सायकल येते’ हे वाक्य मराठी भाषिकाला इतके स्वाभाविक वाटते की त्याच्या रचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः त्यात सायकल चालविणारा मनुष्य कर्त्याच्या स्थानी नाहीच. तो ‘ला’प्रत्ययान्त चतुर्थीत बाजूला उभा आहे, क्रिया सायकलीची आहे, आणि ती क्रिया ‘येणे’ ही आहे. पोहणे येते, मोडी येते, कानडी येते, तशीच सायकल येते. हिंदीत याच ठिकाणी ‘आना’ हे क्रियापद योजतात. कानडीत ‘बरुत्तदे’ आणि तेलुगूत ‘वच्चु’ ही रूपेही येण्याच्याच धातूची आहेत. भारतीय भाषांनी कुलभेद ओलांडून ज्या काही लकबी परस्परांत वाटून घेतल्या आहेत, त्यांपैकी ही एक होय. कौशल्य हे पाहुण्यासारखे माणसाकडे येते आणि एकदा आले की मुक्कामाला राहते, असा अर्थ या रचनेत गृहीत धरलेला असतो.

सपाट डांबरी रस्त्यापुरता हा अर्थ खोटा नाही. लहानपणी मोठ्या माणसाच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून कैची मारीत जो ती शिकला, तो वीस वर्षांच्या खंडानंतरही तिच्यावर बसतो आणि निघतो. परंतु हाच मनुष्य पावसाळा संपल्यावरच्या पांदणीत उतरला, की चार वावांत त्याचा पाय जमिनीला लागतो. अशा वेळी तो ‘मला सायकल येत नाही’ असे म्हणत नाही. ‘येथे जमत नाही’ असे म्हणतो. ‘जमणे’ हे क्रियापदही मनुष्याला चतुर्थीतच ठेवते. मात्र ते मुक्कामाची हमी देत नाही. जमणे हे प्रसंगावर, जागेवर, त्या दिवसाच्या उमेदीवर अवलंबून असते. खडबडीत वाटेवर सायकल चांगली चालविता येणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर मराठीपुरते असे देता येईल : जे केवळ जमते ते येऊ लागणे. ते कसे घडते आणि त्यात शब्दांचा उपयोग किती, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भाषाभ्यासाच्या पत्रिकेत सायकल कोठून आली, असे कोणी विचारील. परंतु नियम सांगता येणे आणि नियमानुसार वागता येणे यांतील अंतर हा आपल्या शास्त्राचाच जुना प्रश्न आहे.

उदाहरणासाठी भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातले सानगडी हे गाव घेतले आहे. डोंगरी सायकल म्हटले की सह्याद्रीचे घाट डोळ्यांसमोर येतात, आणि झाडीपट्टीत डोंगर तो किती, अशी शंका येणे साहजिक आहे. सानगडीस एक जुना किल्ला आहे. बाकी सर्व मुलूख भाताच्या बांध्या, त्यांचे धुरे, तलावांच्या पारी आणि पांदणी यांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधून काढलेल्या तलावांनी हा प्रदेश भरलेला आहे. तथापि, डोंगर हा या विद्येचा मुख्य विषयच नव्हे. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ पासून काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली एका कच्च्या उतारावरून शर्यतीने खाली नेऊ लागले. पुढच्या वर्षी जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम सांगाडा घडविला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. नावात ‘डोंगर’ चिकटून राहिला. पण स्वाराची खरी परीक्षा घेते ती उंची नव्हे, तर अस्थिर जमीन आणि कमी वेग. आणि या दोन्ही गोष्टी पांदणीत मुबलक आहेत. आपल्याकडे पुढे ‘रेंजर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या जाड टायरांच्या, सरळ हँडलच्या सायकलींनी या वाटा कितीतरी तुडविल्या आहेत. गिअर नसलेल्या त्या जड सायकलींना कोणी डोंगरी म्हणो न म्हणो.

प्रथम तोलाचा विचार करू. शिकणाऱ्यास आपण ‘तोल सांभाळ’ असे सांगतो. ‘सांभाळणे’ हे क्रियापद जे आपल्यापाशी आधीच आहे ते न गमावण्याचे आहे. डोक्यावरची घागर सांभाळावी, ठेव सांभाळावी. सायकलीचा तोल असा कधीच आपल्यापाशी नसतो. तो क्षणोक्षणी जातो आणि क्षणोक्षणी परत मिळवावा लागतो. उजवीकडे पडू लागताच पुढचे चाक किंचित उजवीकडे वळते, दोन्ही चाके पडणाऱ्या देहाखाली येतात, आणि सायकल उभी होते, मग डावीकडे. मागे उमटणारी चाकाची रेघ म्हणूनच कधीही सरळ नसते. १८६९ मध्ये रँकिन या अभियांत्रिकी शास्त्रज्ञाने याचे विवेचन केले होते. विल्बर राइट, जो विमानापूर्वी सायकलींचाच व्यवसाय करी, त्याने अनेक सायकलस्वारांना ‘तुम्ही डावीकडे कसे वळता’ असे विचारले, तेव्हा एकालाही पहिल्या उत्तरात सर्व तपशील बरोबर सांगता आला नाही. कारण डावीकडे वळावयाचे तर हँडल आधी निमिषभर उजवीकडे जावे लागते, म्हणजे देह डावीकडे कलतो. आणि ही गोष्ट हजारो माणसे न कळत करीत असतात. मायकेल पोलानी याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण घेऊन नियमही दिला : कलण्याचा कोन तोच असेल, तर वळणाची वक्रता वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्याच्या मते हा नियम पाठ करून कोणालाही सायकल येणार नाही. गंमत अशी की, चालविणारा नसताना सायकल काही वेळ आपोआप उभी का राहते, याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांनाही सोपा गेला नाही. चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती उभी राहते ही लोकप्रिय समजूत अपुरी असल्याचे २०११ मध्ये एका खास बनविलेल्या सायकलीने प्रत्यक्ष दाखवून दिले.

पोलानीचा निष्कर्ष मान्य करूनही त्या नियमातून एक उपयोगी गोष्ट निघते. वेग निम्मा झाला, तर तोल सावरण्यासाठी हँडल पूर्वीच्या चौपट वळवावे लागते. मंद गतीत सायकल अवघड का वाटते, आणि जलद जाणारा मनुष्य आपणास निष्णात का समजतो, याचे कारण येथे आहे. त्याच्या वेगाने त्याचे न्यून झाकलेले असते. मराठीत याच प्रसंगासाठी ‘सावरणे’ हे दुसरे क्रियापद आहे, आणि माझ्या मते शिकविताना तेच योजावे. जो तोल सांभाळू पाहतो, तो अंग ताठ करतो. जो सावरण्यास तयार असतो, तो अंग सैल ठेवतो.

पांदणीतील चाकोरी हे याचे उत्तम प्रमाण आहे. ‘चाकोरीतले आयुष्य’ असे आपण लिहितो तेव्हा चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने पाडलेली खोल घळ, हे विसरलेले असतो. सायकलस्वारास ते विसरून चालत नाही. बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांनी ओल्या जमिनीत पाडलेली चाकोरी वाळून कठीण झाली की तिच्या भिंती पुढच्या चाकाला वळू देत नाहीत. चाक वळत नाही म्हणजे सावरण्याचे साधनच काढून घेतले जाते, आणि मनुष्य पडतो. तो पडतो अशक्तपणामुळे नव्हे, हे त्यास समजावून सांगणे आवश्यक असते. चाकोरीत राहावयाचे असेल तर थोडा वेग हवा, दृष्टी दूर हवी आणि सायकल दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये स्वतंत्रपणे डुलू द्यावी. ती ओलांडावयाची असेल तर काठाला घासत न जाता मोठ्या कोनातून, पुढच्या चाकावरचा भार क्षणभर काढून ओलांडावी. काठाशी समांतर जात जात हळूच बाहेर पडण्याचा मोह सर्वांत घातक आहे.

भार काढावयाचा म्हणजे आधी तो कोठे आहे हे कळले पाहिजे. सीटवर बसून राहणाऱ्याचा भार सीट आणि हँडल यांवर वाटला जातो. प्रत्येक धक्का कण्यात आणि मनगटात जातो. खडबडीत जागी स्वाराने सीटवरून थोडे उठावे, दोन्ही पायडल जमिनीला समांतर एका पातळीत ठेवावीत, गुडघे आणि कोपरे वाकलेली असावीत. सर्व वजन पायांत यावे. हातांत केवळ दिशा असावी. सीट थोडी खाली केलेली असल्यास सायकलीला खाली हलण्यास मोकळीक मिळते. टायरात हवा रस्त्यावरच्याइतकी ठासून भरू नये. जाड टायरास स्वाराच्या वजनानुसार प्रतिचौरस इंचास २५ ते ३० पौंडांच्या आसपास पुरते, आत ट्यूब असेल तर किंचित अधिक, नाही तर दगडावर आपटून पंक्चर ठरलेलेच. दुधाचे कॅन लटकवून रोज कच्च्या वाटेने जाणाऱ्या माणसाकडे पाहावे : खड्डा येण्यापूर्वी तो सीटवरून बोटभर उठतो, आणि आपण उठलो हे त्यास ठाऊकही नसते. त्याच्या हालचालीला आपण ‘अंगवळणी पडलेली’ म्हणतो. मला हा शब्द पाश्चात्त्य ग्रंथांतील बऱ्याच परिभाषेपेक्षा नेमका वाटतो, कारण त्यात ज्ञानाचे स्थान डोक्यात नसून अंगाच्या वळणात आहे.

आता सूचनांच्या भाषेकडे वळू. सायकल शिकविणाऱ्या माणसांच्या तोंडी निषेधार्थी आज्ञा फार. ‘पडू नको’, ‘दगडावर घालू नको’, ‘पुढचा ब्रेक दाबू नको’. या भागात ‘नको’चे ‘नोको’ होते, एवढाच फरक. निषेधार्थी वाक्याची एक अडचण अशी की, ज्याचा निषेध करावयाचा त्याचे नाव त्यात घ्यावेच लागते. ‘दगडावर घालू नको’ हे ऐकताच शिकणारा दगड शोधतो, दगडाकडे पाहतो आणि थेट दगडावर जातो. हा दैवयोग नव्हे. मस्तक जिकडे वळते तिकडे खांदे वळतात, आणि खांद्यांमागून हँडल जाते. म्हणून सूचना वाटेच्या नावाने द्यावी, अडथळ्याच्या नावाने नव्हे : ‘डावीकडच्या गवताच्या कडेने जा’.

या संदर्भात एका संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये बर्फावरील घसरखेळाच्या यंत्रावर काही जणांना शिकविले. एका गटास पायांकडे लक्ष देण्यास सांगितले, दुसऱ्यास पायांखालच्या चाकांवर पडणाऱ्या दाबाकडे. दुसरा गट अधिक चांगला शिकला. तेव्हापासून अनेक खेळांत हाच अनुभव आला आहे की, सूचना अवयवाऐवजी त्या अवयवाच्या बाहेरील परिणामाकडे लक्ष वेधणारी असेल, तर शिकणे सोपे होते. मराठी उदाहरण द्यावयाचे तर ‘कोपर वाकव’ यापेक्षा ‘हँडल खाली-वर होऊ दे’ ही सूचना बरी. ‘गुडघे सैल सोड’ यापेक्षा ‘चाक खड्ड्यात अलगद उतरू दे’ ही बरी. वाचकांच्या ध्यानात येईल की दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत कर्तृत्व पुन्हा वस्तूकडे गेले आहे, आणि मनुष्य केवळ ‘दे’ या साहाय्यक क्रियापदातून संमती देतो. ‘मला सायकल येते’ या वाक्याचीही हीच धाटणी आहे. भाषेच्या लकबीवरून मनाचे नियम काढण्याचा उद्योग मला संशयास्पद वाटतो, तेव्हा हे साम्य नोंदवून थांबतो.

पुढच्या ब्रेकच्या निषेधाविषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याने अपघात होतात. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते आणि मागचे हलके होते. त्यामुळे थांबविण्याची बहुतांश शक्ती पुढच्या चाकातच असते. केवळ मागचा दाबला तर ते चाक जाम होऊन फरफटते, आणि सायकल आडवी होऊ पाहते. पुढचा ब्रेक दाबून लोक उलटतात हे खरे. पण ते हात ताठ, वजन पुढे आणि दाब एकदम, या तिन्हींचा संयोग झाल्यामुळे. कंबर मागे व खाली नेऊन, एका बोटाने दाब वाढवीत नेला तर तोच ब्रेक विश्वासू आहे. आपल्याकडील बहुतेक सायकलींत उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, काही परदेशी बनावटींत डाव्या हाताचा. दुसऱ्याची सायकल घेताना हे आधी पाहावे. वळणावर ब्रेक वळणापूर्वी लावावा आणि वळताना सोडावा, कारण जमिनीची पकड मर्यादित असते व ती एकाच वेळी थांबण्यास आणि वळण्यास पुरत नाही. वळताना बाहेरचे पायडल खाली दाबावे व सायकल देहापेक्षा अधिक कलू द्यावी.

पकड किती हे जमीन ठरविते, आणि येथे झाडीपट्टीच्या शेतकऱ्याची शब्दसंपत्ती उपयोगी पडते. भंडारा जिल्ह्यात जमिनीचे कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी असे प्रकार पूर्वापार ओळखले जातात. जमाबंदीच्या जुन्या कागदांतही ही नावे आहेत. कन्हार ही काळी चिकण माती. ओली असता ती टायरास लपेटून मडगार्डात गच्च बसते, आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. सिहार पिवळसर, रेतमिश्रित, भाताची जमीन. बरडी तांबूस, उथळ व खड्याची. शेतकऱ्याने हे भेद पिकासाठी केले. परंतु चाकाला अन्न नव्हे तर आधार हवा असला, तरी भेद तेच आहेत. बरडीवरचे सुटे खडे टायराखाली छऱ्यांसारखे फिरतात. समजा, स्वार ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर वेगाने चालला आहे. कठीण कोरड्या जमिनीवर सेकंदागणिक ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करता आला, तर तो अडीच मीटरांत थांबेल. सुट्या खड्यांवर पकड निम्मी धरली, तर पाच मीटर लागतील. वेग दुप्पट केला तर हेच आकडे दहा आणि वीस होतात. यात ब्रेककडे बोट जाण्यापूर्वीचा काळ धरलेला नाही. अर्धा सेकंद जरी गेला, तरी अडीच मीटर आणखी गेले. म्हणून दृष्टी पुढच्या चाकावर ठेवून भागत नाही. या वेगात दोन सेकंदांनंतरची जागा दहा मीटरांवर असते. पाहावयाचे ते तेथे. चाकाखाली जे आहे त्याविषयी करण्यासारखे काहीही उरलेले नसते.

जमिनीला पाच नावे आहेत म्हणून पाच जमिनी दिसतात, असा दावा मी करणार नाही. ज्याला नावे ठाऊक नाहीत, त्याच्याही चाकाला भेद कळतोच. फरक पडतो तो सांगण्यात. पुढे गेलेल्या मुलाने मागच्यास ‘पुढे खराब आहे’ असे ओरडून सांगितले, तर मागचा नुसता घाबरतो. ‘पुढे रेती आहे’ असे सांगितले, तर तो वजन मागे घेतो, पायडल मारीत राहतो आणि हँडल झटक्याने वळवीत नाही. चुलबंदीच्या पात्राजवळच्या वाटेवर याचा प्रत्यय घ्यावा. एका नेमक्या नामात तीन हालचालींची सूचना सामावते, हे शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने थोडे नाही.

चढाची अडचण वेगळी आहे. तलावाच्या पारीवर चढणारी वाट आखूड असते, पण उभी असते. उभे राहून जोर लावला तर मागचे चाक हलके होऊन जागच्या जागी फिरते. मागे रेलून बसले तर पुढचे चाक उचलते. या दोहोंमधली जागा अरुंद आहे : सीटच्या पुढच्या टोकावर बसावे, छाती हँडलकडे न्यावी, कोपरे खाली पडू द्यावीत. गिअर चढाच्या पायथ्याशीच हलका करावा, मध्यावर चेन ताणलेली असताना नव्हे. पायडल झटक्याने न मारता गोल फिरवीत ठेवावीत. बिनगिअरच्या सायकलीवर हे साधत नसेल तर उतरून ढकलावी. त्यात कमीपणा नाही, आणि वाटही उकरली जात नाही.

उरतो सरावाचा प्रश्न. तीच पार शंभरदा चढून उतरणे, यास आपण सराव म्हणतो. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांनी हाताच्या काही सोप्या हालचालींवर प्रयोग केला. एकेक हालचाल सलग घोटणारा गट सरावाच्या वेळी पुढे होता. हालचाली सरमिसळ करणारा गट मागे. परंतु काही दिवसांनी तपासले असता सरमिसळ करणाऱ्यांच्याच अधिक लक्षात राहिले होते. सलग सरावात ‘जमते’, सरमिसळीत ‘येते’, असे त्याचे मराठी रूपांतर करावयास हरकत नाही. तेव्हा चाकोरी एकदा ओलांडावी, मग रेतीतून जावे, मग पारीचा चढ घ्यावा, आणि पुन्हा चाकोरीकडे यावे. यातच मंद गतीचे खेळ मिसळावेत : दोन विटांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्याने फिरणे, पाय न टेकता जागीच उभे राहणे, सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्याची शर्यत. गावोगाव गणेशोत्सवात होणारी ‘स्लो सायकल’ स्पर्धा ही करमणूक समजली जाते. वर दिलेल्या वर्गाच्या नियमानुसार ती सर्वांत कठीण परीक्षा आहे.

ऋतूचे बंधन मात्र पाळावे लागते. रोवणीच्या दिवसांत पांदण चिखलाची असते, आणि धुरा तर शेतकऱ्याचा आहे. ओल्या धुऱ्यावरून चाक गेले की तो फुटतो आणि बांधीतले पाणी वाहून जाते. नवेगाव-नागझिरा राखीव क्षेत्रातील वाटांवर वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये, हे निराळे सांगावयास नको. धान कापून झाले, पांदणी वाळल्या आणि चाकोऱ्यांच्या कडा अजून ढासळल्या नाहीत, असा नोव्हेंबर-डिसेंबरचा काळ सानगडीकडे उत्तम. उन्हाळ्यात बरडी भुसभुशीत होते. पावसाळ्यातील चार महिने शाळेच्या पटांगणात दोन विटा पुरतात.